सैनिकांच्या घरच्यांसाठी गावातला क्लब काय करू शकतो? (सत्कार सोडून)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा सेवाभावी क्लब आहे. दोन डॉक्टर, दोन वकील, शिक्षक, दुकानदार आणि बाकी निवृत्त मंडळी. रक्तदान, वह्यावाटप, नेत्रतपासणी हे सगळं नेमाने चालतं. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आला की दोन-तीन वीरपत्नींना बोलवायचं, शाल-श्रीफळ, भाषणं, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. यंदा नव्या अध्यक्षबाईंनी पाय रोवले, आधी माहिती घेऊ मगच पैसे खर्च करू म्हणाल्या. म्हणून मासिक बैठकीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका कल्याण संघटकांना बोलावलं. स्वतः माजी सुभेदार. वीस मिनिटं बोलायचं ठरलं होतं, दोन तास झाले आणि चहा पुन्हा सांगावा लागला.

त्यांनी बोलायला सुरुवात करण्याआधी आम्हालाच विचारलं, "तुमच्या गावात आत्ता नोकरीत किती पोरं आहेत? पेन्शनीत किती? वीरपत्नी किती? आणि नोकरी करूनही पेन्शन नाही असे म्हातारे किती?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. पहिल्या महायुद्धात आमच्याच जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे गावचे ४६ जण कामी आले हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे, पण मागच्या आळीतल्या कुणाचा मुलगा सध्या कुठे आहे ते सांगता येईना.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. 'सैनिक कुटुंब' म्हणून एकच गठ्ठा बांधू नका. नोकरीतल्या जवानाच्या घराची अडचण वेगळी, नुकत्याच पेन्शनीत आलेल्याची वेगळी, वीरपत्नीची वेगळी, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वी रिटायर होऊन वारलेल्या हवालदाराच्या बायकोची तर अगदीच वेगळी. या शेवटच्या बाईकडे कोणी फिरकत नाही, कारण तिचा नवरा लढाईत गेलेला नसतो.

मग आमच्या एका सभासदाच्या मावशी मागे बसल्या होत्या, त्या पुढे आल्या. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं नवऱ्याचं फौजेतलं डिस्चार्ज बुक, रेशन कार्ड, आधार. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव शालन. लग्नात नाव बदललं ते रेशन कार्डावर. आधारवर तिसरंच काहीतरी आणि जन्मतारीख सरसकट १ जानेवारी. काका आजारी आहेत. संघटक म्हणाले, "मावशी, हे काका आहेत तोवर करून घ्यायचं. काकांची सही असली की काम काही महिन्यांत होतं. नंतर वर्षं जातात." बाईंनी पदराने डिस्चार्ज बुक पुसलं आणि परत पिशवीत ठेवलं. सभागृहात कोणी काही बोललं नाही.

तर प्रश्न असा. इथे फौजी घरातले बरेच जण आहेत हे माहीत आहे. क्लबने काय केलं तर तुम्हाला खरंच उपयोग होईल? आणि काय केलेलं नको आहे?

सह्याद्रीची_सून

कोयनाकाठ ताई, विचारलंत हेच खूप आहे. मी नोकरीतल्या जवानाची बायको. नवरा सध्या फील्डला, म्हणजे जिथे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, म्हणून मी पोरांना घेऊन सासरी.

आधी नको ते सांगते. सत्काराच्या फ्लेक्सवर नवऱ्याचं युनिट आणि तो कुठे आहे ते छापू नका. आमच्या गावात मंडळाने गणपतीत छापलं होतं, फोटोसकट. कौतुकाने केलं, राग नाही, पण दुसऱ्या दिवशी मला ते काढा म्हणून हात जोडावे लागले. व्हॉट्सअॅपवर फिरलं ते फिरलंच.

आता हवं ते. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ असते. लोकांना वाटतं केवढी रजा! पण ती आपल्याला हवी तेव्हा मिळेलच असं नसतं, आणि त्यात पेरणी, लग्नं, घराचा स्लॅब, तलाठ्याकडच्या खेपा सगळं बसवायचं. गेल्या वर्षी सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा नवऱ्याचा फोन लागत नव्हता. माजी सैनिकांना ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, गावाजवळच्या नोंदणीकृत हॉस्पिटलात दाखवता येतं. नोकरीतल्याच्या आईवडिलांना डिपेंडंट कार्डावर मिलिटरी हॉस्पिटल, म्हणजे आमच्यासाठी पुणे. रात्री अकरा वाजता म्हाताऱ्या माणसाला घेऊन पुणे! शेवटी इथल्याच खाजगी दवाखान्यात नेलं. शेजारच्या मेडिकलवाल्या दादांनी गाडी काढली आणि फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही पण केली.

मला क्लबकडून असा एक दादा हवा. पैसे नकोत. रात्री फोन उचलणारं कोणीतरी.

वाकडी_वाट

विरोधासाठी विरोध नाही, पण एक विचारतो. पगार बरा, पेन्शन, कॅन्टीन, मुलांना शिष्यवृत्ती, ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ. शेतकऱ्याच्या विधवेला यातलं काय मिळतं? सेवाभावी संस्थेने जिथे सरकार पोचत नाही तिथे जावं. इथे सरकार आधीच पोचलंय.

निवृत्त_नाईक

@वाकडी_वाट, राग नाही, उत्तर देतो.

कॅन्टीनबद्दल म्हणाल तर माझ्या कार्डावरच्या कोट्यावर माझ्यापेक्षा पाहुण्यांचा हक्क जास्त आहे. लग्नसराईत तर नुसते फोन. :)

पेन्शनचं सांगतो. जवानाला पेन्शन लागायला १५ वर्षं नोकरी लागते. आम्ही बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पोरं सहावी-सातवीत, आईबाप थकलेले, हातात बारावीचं सर्टिफिकेट. मग कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी. ज्याने घाटात कॉन्व्हॉय चालवला त्याला इथे मोटरसायकलींच्या पावत्या फाडायला बसवतात. मी तक्रार करत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून.

आणि ज्याची १५ वर्षं भरली नाहीत, घरच्या कारणाने मध्येच सुटला, त्याला पेन्शन नाही. अशांपैकी हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरच्या माणसांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह अनुदान असतं. महिना ४,००० होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केलं. मुलांच्या शिक्षणाचं दरमहा १,००० चं २,००० झालं, मुलीच्या लग्नाचं ५० हजारांचं एक लाख, दोन मुलींपर्यंत. ऑनलाइन अर्ज, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पडताळणी. आता सांगा, ज्या म्हातारीला साधा फोन वापरता येत नाही ती पोर्टलवर अर्ज कसा भरणार? सरकार पोचलंय म्हणता, ते वेबसाइटपर्यंत पोचलंय. वेबसाइटपासून तिच्या ओसरीपर्यंतचं अंतर कोण चालणार?

वाकडी_वाट

हे पटलं. ६५ वर्षांवरच्यांचं मला माहीत नव्हतं. आमच्या वाडीत असे एक बाबा आहेत, सगळे त्यांना 'पळून आलेला' म्हणून चिडवतात. विचारून बघतो.

निवृत्त_नाईक

चिडवणाऱ्यांना आधी दोन दांडके द्या. मग बाबांना डिस्चार्जचा कागद आहे का ते विचारा.

खिडकी_क्रमांक_४

मी बँकेत आहे, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते. नोव्हेंबर हा आमच्याकडे फौजी पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत येऊन रजिस्टरवर सही केली की झालं. आता संरक्षण पेन्शन 'स्पर्श' प्रणालीवर गेली आहे, पैसे थेट तिकडून जमा होतात, आमचं खातं फक्त पैसे उतरवून घेण्यापुरतं. तरीही सगळे आमच्याकडेच येतात, कारण त्यांच्यासाठी पेन्शन म्हणजे बँक.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, भरताना पेन्शन वितरण करणारी संस्था निवडायची असते. सायबर कॅफेवाला सवयीने बँकेचं नाव टाकतो. दाखला निघतो, एसएमएस येतो, म्हातारा माणूस निश्चिंत होऊन घरी जातो आणि दाखला 'स्पर्श'कडे पोचतच नाही. काही महिन्यांनी पेन्शन थांबली की रडारड. तिथे 'स्पर्श'च निवडायचं. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी हे वरदान आहे. (शेतात राबलेल्या बायकांचे ठसे मशीन घेतच नाही, आम्ही रोज बघतो.)

क्लबने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी चार मोबाइल आणि चार कॉलेजची मुलं घेऊन टेबल टाकलं तर शंभर सत्कारांपेक्षा भारी. फक्त मुलांना बजावून सांगा, ओटीपी कोणाचाही वहीत लिहून ठेवायचा नाही. 'स्पर्शमधून बोलतोय' म्हणून फसवे फोन येतात, त्यामुळे लोक आधीच घाबरलेले असतात. मुलांच्या गळ्यात क्लबचं ओळखपत्र असू दे.

मोगरा_७

वाचतेय. छान धागा.

कोयनाकाठ

खिडकी_क्रमांक_४, बाजाराच्या दिवसाची कल्पना आत्ताच ग्रुपवर टाकली. दोघांनी लगेच हात वर केला. नावातल्या फरकाचं काय करतात ते सांगाल का? मावशींचं डोक्यातून जात नाहीये.

निवृत्त_नाईक

ते मी सांगतो, माझ्या घरातच झालंय.

नोकरीत असताना लग्न, मुलांचे जन्म, नावातला बदल यांची नोंद युनिटमार्फत होते, तिला आम्ही पार्ट टू ऑर्डर म्हणतो. ती झाली की सगळं सुरळीत. पोरगं रजेवर आलं की त्याला जेवायला बसवून पहिला प्रश्न हाच विचारायचा, 'बायकोचं नाव आधारवर आहे तसंच पार्ट टू मध्ये आहे ना?' रिटायर झालेल्याचं असेल तर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पुरावे घेऊन जिल्हा कार्यालयामार्फत त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. तिथून मंजुरी होऊन प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे, मग पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, दुरुस्ती. प्रत्येक टप्प्याला कागदाची प्रत स्वतःकडे ठेवायची आणि पोचपावती जपायची. आमच्याकडे सासरी गेलं की नावच बदलायची पद्धत, त्यात कारकुनाने ऐकू येईल तसं लिहिलेलं. राजस्थानच्या पोरांना हा त्रास आमच्याइतका नसायचा.

मावशींना सांगा, काकांना गाडीत बसवून साताऱ्याला घेऊन जा. याच आठवड्यात.

हिरवी_शाई

वकील आहे, कोयनाकाठ यांच्या क्लबात नाही. दोन गोष्टी.

एक, जवान लांब असतो तेव्हा गावाकडे जमिनीचं हमखास काहीतरी निघतं. बांध कोरलेला असतो, भावकीने परस्पर फेरफार घातलेला असतो, वारस नोंदीत बहिणीचं नाव वगळलेलं असतं. विशेष परिस्थितीत तैनात असलेला सैनिक कोर्टात हजर राहू शकत नसेल तर कामकाज तहकूब ठेवण्याची तरतूद १९२५ च्या भारतीय सैनिक खटले कायद्यात आहे. कित्येक तालुक्याच्या वकिलांनाही हे आठवत नाही, कारण काम पडत नाही. शिवाय पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र रजेत करून ठेवलं तर निम्म्या खेपा वाचतात. आईच्या नावे करायचं की बायकोच्या यावरून घरात महाभारत होतं, ते मी सोडवू शकत नाही.

दोन, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिनी, वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. सैनिक बोर्डांत विधी सहाय्य कक्ष, सैनिकांना आणि कुटुंबीयांना मोफत मदत. तुमच्या दोन वकिलांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी बोलून नाव नोंदवावं. वेगळी समिती, वेगळं लेटरहेड काढत बसू नका.

ओसरी

मला वेगळं बोलायचंय, कोणाला टोचलं तर टोचू दे.

माझी मोठी बहीण वीरपत्नी. डिसेंबरात आणि २६ जानेवारीला तिला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवतात. त्या दोन तारखांच्या मध्ये संक्रांत येते. तेव्हा त्याच गल्लीतल्या, त्याच मंडळातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. एकदा एकीने "तुला वाईट वाटायला नको म्हणून" असं कारण दिलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या गावात ठराव झाला की नाही हे सुद्धा कोणाला माहीत नाही.

दुसरं लग्न हा विषय तर उच्चारायचाच नाही. शौर्यपदकाचा भत्ता दुसरं लग्न केल्यावर चालू राहायचा तो फक्त दिराशी लग्न केलं तर, ही अट २०१७ मध्ये सरकारने काढली. विधवेच्या पुनर्विवाहाला सैनिक बोर्डाचं अनुदान आहे. म्हणजे कागद पुढे गेलाय. बहिणीला एका स्थळाबद्दल विचारलं तेव्हा तिच्या सासरच्यांच्या आधी गावातले पुढारी बोलले, 'शहिदाच्या नावाला बट्टा लागेल'.

तुमच्या क्लबात बायका आहेत ना? जानेवारीत हळदीकुंकू करा आणि तिला वाण लुटायला बसवा. खर्च शून्य.

सह्याद्रीची_सून

ओसरी, हजारदा अनुमोदन. हे वाचून हात थांबला माझा.

मोगरा_७

+१. आमच्या भिशीत मी हा विषय काढणार आहे.

अटलांटिककाठी

मी अमेरिकेत नॉरफोकजवळ राहते, इथे नौदलाचा मोठा तळ आहे, शेजारी निम्मे नौदलातले. तुलना करण्यासाठी नाही, एक पद्धत सांगते. इथे प्रत्येक जहाजाच्या कुटुंबांसाठी 'ऑम्बड्समन' असतो, म्हणजे त्याच जहाजावरच्या कोणाची तरी बायको किंवा नवरा, पगार नाही, रीतसर प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. १९७० साली अॅडमिरल झुमवॉल्ट यांनी सुरू केलं. तिचं काम सल्ले देणं नाही. कोणत्या कामाला कुठे जायचं ते सांगणं आणि ऐकलेलं स्वतःपाशी ठेवणं. जहाज गेलं की माझी शेजारीण गवत कापायला कोण येईल इथपासून सगळं तिलाच विचारते.

सह्याद्रीची_सून यांना जो दादा हवाय तो मला यातलाच वाटला. फक्त गावात 'ऐकलेलं स्वतःपाशी ठेवणं' हे कलम कसं पाळणार, देव जाणे!

खडकीकर

पुण्यातून लिहितोय. खडकीला दोन ठिकाणं आहेत, क्लबने सहल काढायचीच तर महाबळेश्वरऐवजी इकडे काढा. एक क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ पासून अपंग झालेल्या जवानांना हातचं काम शिकवते. दुसरं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, मणक्याला मार बसून कमरेखालचा भाग निकामी झालेले जवान तिथे राहतात. आधी रीतसर परवानगी घ्या. केळी-बिस्किटांचे पुडे घेऊन जाऊ नका, त्यांच्याकडे भरपूर असतात. व्हीलचेअर बास्केटबॉल बघत बसा, जमलं तर कॅरमला बसा. हरण्याची तयारी ठेवा.

दुष्काळी_माण

माझा भाचा अग्निवीर. त्याच्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

२०२२ च्या योजनेत चार वर्षं नोकरी, नंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा मुलं कायम, बाकीची सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख घेऊन घरी. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे वर निवृत्त_नाईक साहेबांनी ज्या योजना सांगितल्या त्या या पोरांना लागू नाहीत. पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडायला लागेल. बाविशी-तेविशीची पोरं. गावातला प्रत्येक जण त्यांच्या त्या अकरा लाखांवर डोळा ठेवून असणार, कोण प्लॉट दाखवील, कोण भिशी, कोण बोलेरो. भाच्याला आत्ताच एकाने 'परत आलास की पोल्ट्री टाकू' म्हणून गाठलंय.

क्लबात दुकानदार, कारखानदार असतील तर त्यांनी नोकऱ्यांचं बघावं. आणि कोणीतरी त्या पोरांना पैसे कुठे ठेवायचे ते शांतपणे सांगावं, ज्याला त्यातून कमिशन नाही असा माणूस.

निवृत्त_नाईक

दुष्काळी_माण, मुद्दा सोळा आणे. पदवीचं शिक्षण अर्धवट असेल तर ते आत्ताच पुरं करायला लावा, बाहेर आल्यावर कोणी अभ्यासाला बसत नाही.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली, त्याचा वृत्तांत.

शाल-श्रीफळाचा खर्च रद्द. यावर अर्धा तास वाद झाला, एका ज्येष्ठ सभासदांना 'सन्मान राहिलाच नाही' असं वाटलं, ते अजून नाराज आहेत. त्यांची समजूत काढायचं काम माझ्याकडे आलंय. वाचलेली रक्कम ध्वजदिन निधीला, रीतसर पावती घेऊन.

सुभेदारांचे चार प्रश्न घेऊन आमचे शिक्षक वाड्या-वस्त्यांवर फिरणार आहेत. वहीत युनिट, ठिकाण काही लिहायचं नाही, फक्त घर, माणसं, फोन आणि अडचण. वही एकाच्याच कपाटात राहील. वकील मंडळी विधी सेवा प्राधिकरणाला भेटून आली. रात्री फोन उचलायला तिघांची नावं ठरली, त्यात एक डॉक्टर आणि एक रिक्षावाले आहेत, ते क्लबचे सभासद नाहीत पण म्हणाले 'मला घ्या'. अध्यक्षबाईंनी त्यांची सभासद-वर्गणी स्वतः भरली. अग्निवीरांचं अजून काही ठरलं नाही, दोन दुकानदार विचार करतो म्हणाले, त्यांचा 'विचार करतो' मला माहीत आहे.

हळदीकुंकू अध्यक्षबाईंच्या घरी. ओसरी, तुमच्या ताईंचं गाव आमच्यापासून लांब आहे का? व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

मावशी-काका साताऱ्याला जाऊन आले. प्रतिज्ञापत्र झालं, अर्ज पुढे गेला, पोचपावती मिळाली. पण लग्नाचा पुरावा म्हणून काय लागेल त्यावर अडलंय. लग्न १९७४ चं, नोंदणी नाही, पत्रिका नाही, भटजी वारले. निवृत्त_नाईक, अशा वेळी काय चालतं?

निवृत्त_नाईक

ग्रामपंचायतीचा दाखला, मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं नाव असेल तर तो, आणि लग्नाला हजर असलेल्या दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, हे तयार ठेवा. कार्यालय नेमकं काय मागतंय ते लेखी घ्या, तोंडी नको. काकांच्या रेजिमेंटचं नाव मला व्यनित कळवा, इथे नको. बेळगाव असेल तर तिथला माझा एक बॅचमेट अजून ओळख ठेवून आहे, कागद कुठल्या टेबलावर आहे तेवढं नक्की सांगेल.